मुरुम गेला, डाग का राहिला?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे त्वचेवरील काळ्या डागांविषयी आहेत, आणि ती लिहिणारे बहुतेक वाचक सावळ्या किंवा काळ्या वर्णाचे आहेत. म्हणून या वेळचे सदर या एकाच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षेपाने छापली असून नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय २४ असून वर्ण सावळा आहे. दोन वर्षे चेहऱ्यावर मुरुम येत होते. आता ते कमी झाले, पण जिथे मुरुम होता तिथे काळसर डाग राहिला आहे. डाग जावेत म्हणून मी रोज रात्री ग्लायकोलिक ॲसिडचे द्रावण लावते आणि आठवड्यातून तीनदा स्क्रबने चेहरा घासते. सुरुवातीला फरक वाटला, पण आता गालांची आग होते आणि डाग अधिकच गडद दिसतात. माझ्या गोऱ्या मैत्रिणीचे डाग लवकर जातात, मग माझेच का राहतात?

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुम्हीच लिहिलेल्या 'आग होते' या दोन शब्दांत आहे. त्वचेचा रंग ज्या मेलॅनिनमुळे ठरतो ते तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसांत जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशी बनवत असलेल्या रंगकणांत : सावळ्या त्वचेतील कण मोठे असतात, सुटे सुटे पसरतात आणि उशिरा विरघळतात. या पेशी चिथावणीलाही चटकन प्रतिसाद देतात. मुरुम, खाज, भाजणे, खरचटणे किंवा जळजळ करणारे औषध यांपैकी कशानेही त्वचेला सूज आली की त्या सुजेतून सुटणारी रसायने रंगपेशींना कामाला लावतात आणि जादा रंग आजूबाजूच्या पेशींत उतरतो. सूज ओसरते, पण रंग मागे राहतो. या पेशींना ॲसिडची जळजळ आणि मुरुमाची सूज यांतला फरक कळत नाही; म्हणजे डाग घालवण्यासाठी तुम्ही जे करत आहात तेच नव्या डागांचे कारण झाले आहे.

मैत्रिणीशी तुलना करण्यातही एक घोटाळा आहे. गोऱ्या त्वचेवर मुरुमानंतर जो डाग दिसतो तो बहुधा लालसर असतो, म्हणजे तो रंगकणांचा नसून रुंदावलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा असतो. ती वेगळीच गोष्ट आहे. उलट सावळ्या त्वचेवर लाली सहजासहजी दिसत नाही. चालू असलेली सूजसुद्धा तपकिरी किंवा जांभळट दिसते आणि आपण तिला 'जुना डाग' समजून बसतो. म्हणून एक साधी परीक्षा करा. डागावरून बोटाचे टोक हलकेच फिरवा. जागा सपाट आणि न दुखणारी असेल तर तो डाग आहे. किंचित उंच, कठीण किंवा हुळहुळी लागत असेल तर तो अजून मुरुमच आहे आणि त्याला मुरुमाचेच औषध हवे. माझ्याकडे डागांसाठी म्हणून येणाऱ्यांपैकी अनेकांचे खरे दुखणे न संपलेले मुरुमच असतात.

आता करायचे काय, तर प्रथम थांबायचे. चार आठवडे सौम्य फेसवॉश, बिनवासाचे साधे मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन यांखेरीज चेहऱ्याला काहीही लावू नका, आणि स्क्रब तर कायमचाच बंद करा. आग पूर्ण थांबल्यावर त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने ०.१ टक्के ॲडॅपलीन किंवा १५ ते २० टक्के ॲझेलेइक ॲसिड यांपैकी एक सुरू करता येईल. मला ही दोन्ही औषधे आवडतात, कारण ती नवा मुरुमही रोखतात आणि जुना डागही फिका करतात. ॲडॅपलीन आठवड्यातून दोन रात्रींपासून सुरू करून हळूहळू रोजवर न्यावे, आणि वाटाण्याएवढे मलम संपूर्ण चेहऱ्यावर पातळ पसरावे. डागावर ठिपका देत बसू नये, कारण ठिपक्याभोवती त्वचा सोलवटते आणि मग डागाला कडे पडते. गरोदरपणात किंवा त्याची तयारी चालू असताना ॲडॅपलीन वापरू नये. तेव्हा ॲझेलेइक ॲसिड चालते. जोडीला नायसिनामाइड (ब३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) लावता येते. ते रंग बनणे थांबवत नाही, पण बनलेला रंग शेजारच्या पेशींत उतरू देत नाही.

किती दिवस लागतील, हे डागाच्या खोलीवर अवलंबून आहे. तपकिरी डाग बहुधा त्वचेच्या वरच्या थरात असतो. तो थर साधारण चार ते सहा आठवड्यांत नवा होतो, म्हणून औषधाचा गुण आला की नाही हे तीन महिन्यांआधी ठरवू नये. पाटीसारखा करडा किंवा निळसर दिसणारा डाग मात्र खाली उतरलेला असतो. तिथे सफाई करणाऱ्या पेशी रंगकण गिळून तशाच बसून राहतात, मलम तिथवर नीट पोहोचत नाही आणि असा डाग निवळायला वर्षे लागू शकतात. दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी, एकाच खिडकीशी, एकाच वेळी चेहऱ्याचे छायाचित्र काढून ठेवा. आरसा रोज पाहणाऱ्याला सावकाश होणारा बदल दिसत नाही, आणि मग तो पुन्हा काहीतरी जहाल औषध शोधू लागतो.

प्रश्न : वय ३९. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आले. औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळालेल्या मलमाने तीन आठवड्यांत चेहरा उजळला, पण ते बंद केले की चेहरा लाल होतो, खाज सुटते आणि वांग परत येते. असे करत करत वर्षभर ते मलम लावते आहे. शिवाय मी बहुतेक वेळ घरातच असते. आधीच सावळी असताना मला सनस्क्रीनची गरज आहे का?

उत्तर : मलमाची नळी उजेडात धरून तिच्यावरची बारीक अक्षरे वाचा. बेटामिथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव सापडले तर त्या मलमात स्टिरॉइड आहे, आणि तुम्ही वर्णन केलेली लक्षणे त्याचीच आहेत. स्टिरॉइडने सूज दबते आणि रंग उतरतो, म्हणून पहिले काही आठवडे ते जादूसारखे वाटते. पुढे त्वचा पातळ होते, बारीक लाल रेषा उमटतात, नको तिथे लव वाढते आणि मलम थांबवताच चेहरा पेटतो. वांगावर स्टिरॉइड असलेल्या मिश्रणाचा शास्त्रीय वापर आहे, हे नाकारता येणार नाही. १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस यांनी रंग उतरवणारे हायड्रोक्विनोन, ॲडॅपलीनच्या कुळातले ट्रेटिनॉइन आणि डेक्सामिथासोन हे स्टिरॉइड यांचे मिश्रण मांडले आणि त्याची सुधारित रूपे आजही वापरली जातात. परंतु ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवड्यांपुरती द्यायची असतात, वर्षभर नव्हे. योगायोग असा की त्याच १९७५ साली दक्षिण आफ्रिकेत फिंडले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रोक्विनोनची उजळ करणारी मलमे दीर्घकाळ लावणाऱ्यांच्या गालांवर निळसर-काळे, दाणेदार डाग पडल्याचे नोंदवले. त्या विकाराला ओक्रोनोसिस म्हणतात आणि तो घालवणे मूळ वांगापेक्षा कितीतरी अवघड असते.

मलम एका दिवसात फेकून देऊ नका. नळी घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, म्हणजे ते सौम्य औषधावर आणून टप्प्याटप्प्याने थांबवता येईल. नळीवर किंवा डबीवर घटकच छापलेले नसतील, तर मात्र वापर आजच बंद करावा आणि ती डबी डॉक्टरांना दाखवावी. अशा मलमांत पारा सापडतो. तो मूत्रपिंडांना इजा करतो आणि टॉवेल-उशीमार्फत घरातल्या मुलांपर्यंतही जातो. पाऱ्याच्या वापराला आळा घालणाऱ्या मिनामाटा या आंतरराष्ट्रीय करारानुसार दहा लाख भागांत एकापेक्षा जास्त भाग पारा असलेल्या, त्वचा उजळवणाऱ्या प्रसाधनांचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२० नंतर बंद होणे अपेक्षित होते, तरी ती विकली जातातच.

सनस्क्रीनविषयी तुमचा प्रश्न फार चांगला आहे, कारण 'सावळ्या त्वचेला ऊन लागत नाही' हा समज अर्धाच खरा आहे. गडद त्वचेतील मेलॅनिन उन्हाने भाजण्यापासून गोऱ्या त्वचेच्या काही पट अधिक संरक्षण देते. पण वांग केवळ भाजवणाऱ्या किरणांनी वाढत नाही. आपल्याला डोळ्यांनी दिसणारा उजेड, विशेषतः त्यातील निळा-जांभळा भाग, सावळ्या त्वचेत दाट आणि टिकाऊ रंग चढवतो, हे २०१० पासूनच्या प्रयोगांत दिसून आले आहे. त्याच प्रयोगात अगदी गोऱ्या त्वचेवर तो परिणाम दिसला नाही. खिडकीची काच भाजवणारे किरण अडवते, पण हा उजेड आणि लांब लहरींचे अतिनील किरण आत येऊ देते. त्यामुळे दिवसभर खिडकीपाशी बसणाऱ्या बाईलाही सनस्क्रीन हवे, आणि तेही आयर्न ऑक्साइड असलेले, रंगीत. बिनरंगी सनस्क्रीन, मग ते एसपीएफ ५० चे का असेना, दिसणाऱ्या उजेडाला फारसे अडवत नाही. रंगीत सनस्क्रीन त्वचेशी जुळणारे मिळाले तर चेहरा पांढरट, राखाडी दिसण्याची तक्रारही राहत नाही. चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतके घ्या आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा.

गर्भनिरोधक गोळ्यांतील हार्मोननेही वांग वाढू शकते, म्हणून त्या चालू असतील तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांना वांगाविषयी सांगा. पर्याय असू शकतो. मलमांनी न हटणाऱ्या वांगासाठी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या लहान मात्रेत काही महिने दिल्या जातात आणि त्यांचा गुण येतो. परंतु मुळात ते रक्तस्राव थांबवण्याचे औषध आहे, म्हणून रक्ताच्या गुठळीचा पूर्वेतिहास असलेल्यांनी ते घेऊ नये आणि हार्मोनच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आधी ते सांगावे. वांग फिके पडते आणि उन्हाळ्यात पुन्हा डोके वर काढते. ते कायमचे घालवण्याची हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

प्रश्न : माझ्या १५ वर्षांच्या मुलाची मान आणि काखा काळ्या पडल्या आहेत. आम्ही रोज घासून आंघोळ घालतो, तरी मळ निघत नाही.

उत्तर : घासणे थांबवा, कारण तो मळ नाही. त्या जागेची त्वचा जाड, घड्या पडलेली आणि मखमलीसारखी लागत असेल तर तो ॲकँथोसिस नायग्रिकन्स हा विकार असण्याचा संभव आहे. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की रक्तातील इन्सुलिन वाढते, ते त्वचेच्या पेशींना वाढायला लावते आणि त्या जाडीमुळे जागा काळी दिसते. वजन, कंबरेचा घेर, उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून घ्या. वजन आणि इन्सुलिन आटोक्यात आले की मान आपोआप उजळू लागते. मलमे त्यानंतरची गोष्ट. आणि एक विनंती. मुलाला 'नीट आंघोळ कर' असे चारचौघांत म्हणू नका. त्यात त्याची काहीही चूक नव्हती.

प्रश्न : डागांसाठी लेझर करून घ्यावे का? एका जाहिरातीत चार बैठकांत डाग जातील असे म्हटले आहे.

उत्तर : लेझर मेलॅनिनला लक्ष्य करते, आणि अडचण नेमकी तिथेच आहे : डागातले मेलॅनिन आणि डागाभोवतीच्या निरोगी सावळ्या त्वचेतले मेलॅनिन यांत त्याला भेद करता येत नाही. शक्ती थोडी जास्त झाली की आसपासची त्वचा भाजते आणि भाजल्यावर काय होते ते वर लिहिलेच आहे. १०६४ नॅनोमीटरचे एनडी-याग लेझर वरच्या थरातील मेलॅनिनमध्ये कमी शोषले जाते, म्हणून गडद त्वचेला ते तुलनेने सुरक्षित; तीव्र प्रकाशाच्या झोताची आयपीएल यंत्रे मात्र गडद त्वचेवर मी टाळतो. वांगावर कमी शक्तीच्या लेझरनेही रोग उलटतो आणि कधी कधी पांढरे ठिपके कायमचे मागे राहतात. मलमांचा सहा महिने नीट वापर झाल्याशिवाय लेझरकडे वळू नये, असे माझे मत आहे. वळलातच तर कानामागे छोट्या जागेवर चाचणी करून घ्या आणि निदान चार आठवडे थांबा, कारण भाजल्याचा डाग दुसऱ्या दिवशी नव्हे, काही आठवड्यांनी उमटतो. चाचणीला नकार देणाऱ्या ठिकाणी चेहरा देऊ नये.

प्रश्न : वय ५२, वर्ण काळा. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखात वर्षभरापासून एक उभी तपकिरी रेघ आहे. दुखत नाही. दुर्लक्ष करावे का?

उत्तर : दुर्लक्ष करू नका, पण घाबरूनही जाऊ नका. काळ्या वर्णाच्या माणसांच्या अनेक नखांत वयाबरोबर अशा उभ्या रेघा येतात आणि त्या निरुपद्रवी असतात. तुमची रेघ एकाच नखात, उतारवयाकडे झुकताना नव्याने आलेली आहे, म्हणून ती तपासायला हवी. गडद त्वचेत मेलॅनोमा हा कर्करोग विरळा असतो, आणि होतो तेव्हा बहुधा तळवे, तळपाय किंवा नखाखाली होतो. गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्यातील असाच कर्करोग १९७७ मध्ये ध्यानात आला, तोवर ती फुटबॉलची दुखापत मानली गेली होती. १९८१ मध्ये ते वयाच्या ३६ व्या वर्षी गेले. रेघ ३ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, मुळाशी रुंद आणि टोकाशी अरुंद असेल, तिच्यात दोन-तीन छटा दिसत असतील किंवा रंग नखाबाहेरच्या कातडीवर उतरला असेल तर याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. यांपैकी काही नसले तरी महिनाभरात एकदा दाखवून घ्या. जाताना नखावर नेलपेंट नको, आणि नख घासून किंवा खरवडून रेघ पुसायचा प्रयत्न करू नका. पट्टीसह काढलेले छायाचित्र जवळ ठेवा, म्हणजे पुढच्या खेपेला रेघ रुंदावली की नाही ते मोजता येईल.