5 वर्षांच्या मुलीला 16 मिमीचं एएसडी (हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक) आहे. ऑपरेशन टाळून डिव्हाइसने बंद होईल का?

भोकाचं माप लिहिलंत, कडांचं नाही. निर्णय कडांवर होतो. एएसडी सेकंडम प्रकारचं (पडद्याच्या मधोमध) असेल तरच डिव्हाइसचा (कंबरेने जोडलेल्या दोन तबकड्यांची जाळी) विचार. प्रायमम (पडद्याच्या खालच्या टोकाला) आणि सायनस व्हेनोससला (महाशिरेच्या तोंडाशी) ऑपरेशनच. सेकंडममध्येही खालच्या महाशिरेकडची रिम (भोकाची कड) अपुरी असेल तर डिव्हाइसला आधारच नाही, ते निसटतं. महाधमनीकडची रिम मात्र अनेकांत कमीच असते, तेवढ्यावरून नकार देऊ नये. आणखी एक हिशेब: समजा 18 नंबरचं लागलं, म्हणजे मधली कंबर 18 मिमीची. या अ‍ॅम्प्लॅट्झर डिव्हाइसची डावी तबकडी 32 मिमीची असते. मुलीचा पडदा टोकापासून टोकापर्यंत तेवढा आहे का, हे विचारा.

काम जांघेतल्या शिरेतून होतं. हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) किलोला 100 युनिट, वायर डाव्या वरच्या फुप्फुसशिरेत, त्यावरून शीथ (डिव्हाइस आत नेणारी नळी). डावी तबकडी उघडून पडद्याला टेकवायची, मग कंबर, मग उजवी. घोळ होतो तो इथेच. महाधमनीकडची रिम नसली की डावी तबकडी पडद्याला सपाट न टेकता त्याच्याशी काटकोनात उभी राहते आणि तिची पुढची कड भोकातून उजवीकडे येते. अशा वेळी केबल (डिव्हाइस जिला जोडलेलं असतं ती तार) ओढत बसण्यात अर्थ नाही. तबकडी शीथमध्ये घेऊन फुप्फुसशिरेच्या तोंडाशी पुन्हा उघडावी. सोडण्याआधी केबल मागे-पुढे हलवून बघतात. टीईईवर (अन्ननलिकेतून केलेल्या हृदयाच्या सोनोग्राफीवर) भोकाची प्रत्येक कड दोन तबकड्यांच्या मध्ये दिसलीच पाहिजे. केबल उलटी फिरवून डिव्हाइस सुटलं की नुसतं ओढून परत येत नाही. मग स्नेअरने (तारेच्या फासाने) पकडा, नाहीतर सर्जनला बोलवा.

‘मोठं बसवा, हलणार नाही’ म्हणणारे अजून भेटतात. साफ चूक! बलूनने मोजताना भोकातला प्रवाह थांबला की तिथेच थांबायचं. आणखी फुगवलं तर भोक ताणलं जातं, माप वाढतं, आणि मोठं डिव्हाइस कर्णिकेच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या) छताला आणि महाधमनीला घासत राहतं. भिंत झिजून हृदयाभोवती रक्त साचणं दुर्मिळ आहे, पण झालं तर जिवावर बेततं. म्हणून घरी आल्यावर छातीत दुखणं, चक्कर, धाप यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी इको (हृदयाची सोनोग्राफी).

नंतर साधारण 6 महिने अ‍ॅस्पिरिन. जाळी निकेल-टायटेनियमची असते, निकेलची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा. आणि हो, फुप्फुसांतला दाब फार वाढलेला असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी तो कॅथेटरने मोजावा लागतो. भोक बंद करायचं की नाही हेच मग त्यावर ठरतं.