मातीला विचारून पाणी

या महिन्यातली बहुतेक पत्रं बोन्सायच्या पाण्याबद्दलच आहेत, म्हणून पहिल्या उत्तराला जागा थोडी जास्त घेते.

प्रश्न : वाढदिवसाला मला फायकसचं (वड-पिंपळाच्या जातकुळीतलं) बोन्साय भेट मिळालं. टीव्हीच्या शेजारी ठेवलंय. रोज सकाळी न चुकता एक कप पाणी घालते. तरी तीन आठवड्यांत निम्मी पानं पिवळी पडून गळाली. काय चुकतंय?

चुकतंय ते ‘रोज’ आणि ‘एक कप’. बोन्सायची कुंडी उथळ, तिच्यात माती जेमतेम दोन-तीन मुठी. ऊन आणि वारा असला की ती अर्ध्या दिवसात सुकते, आणि बंद खोलीत, ढगाळ हवेत तीच माती चार-चार दिवस ओली राहते. तुमचा कप मात्र तेवढाच. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत चिंब राहिली की तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या पाण्यानं भरतात, मुळं गुदमरतात, मग कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, त्यामुळे जास्त पाण्यानं आजारी पडलेलं झाड वरून तहानलेलंच दिसतं. आपण कळवळून आणखी पाणी घालतो आणि ते अजूनच खचतं.

यावर माझा उपाय एका काडीचा. रंग किंवा पॉलिश नसलेली लाकडी काडी घ्या, चॉपस्टिक असेल तर उत्तम. खोड आणि कुंडीची कड यांच्या मधोमध ती जवळजवळ तळापर्यंत हळूच खुपसा, दहा मिनिटं तशीच राहू द्या. बाहेर काढून आधी रंग बघा. मी नंतर ती गालाला लावते, गारवा लगेच कळतो. काडी गडद आणि गार लागली तर त्या दिवशी झारीला हात लावायचा नाही. जेमतेम दमट असेल तर पाणी द्यायचं. पूर्ण कोरडी निघेपर्यंत वाट बघू नका.

आणि द्याल तेव्हा भरपूर द्या. बारीक भोकांच्या झारीनं सगळ्या मातीवर, खालच्या भोकांतून पाणी वाहेपर्यंत. पाच मिनिटं थांबून पुन्हा एकदा. पहिलं पाणी पुष्कळदा कडेकडेनं निसटून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. खालच्या बशीत साचलेलं पाणी ओतून टाका. पानांवर फवारा मारला तर धूळ जाईल, पण ते पाणी घालणं नव्हे.

आता कुंडी उचलून तळाला भोक आहे का बघा. वरचे शोभेचे खडेही बोटानं हलवून पाहा. भेटीच्या बोन्सायमध्ये ते कधीकधी डिंकासारख्या पदार्थानं चिकटवलेले असतात. तसं असेल तर पाणी आत मुरत नाही. पेचकसाच्या टोकानं तो थर अलगद उचकटून काढा.

राहिली जागा. टीव्हीजवळ आपल्याला उजेड वाटतो, झाडाला तो पुरत नाही. खिडकीच्या अगदी लगत ठेवा आणि मग तिथून हलवू नका, कारण जागा बदलली की फायकस पानं गाळतोच. फांदीची साल नखानं किंचित खरवडा, आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. नवी पालवी येईपर्यंत खत नको. मातीला आंबूस वास येत असेल तरच ती बदला. नाहीतर झाडाला शांत राहू द्या.

बोन्साय शिकणाऱ्या जपानी लोकांत एक म्हण आहे, ‘पाणी घालायला शिकणं, तीन वर्षं’. तुमचे तर तीनच आठवडे झालेत.

प्रश्न : माझं ज्युनिपर (सुरूसारखं सूचिपर्णी झाड) अभ्यासाच्या टेबलावर होतं. परवापर्यंत हिरवंगार. काल हात लावला तर पानं कुरकुरीत लागली. वाचेल का?

एखादी बारीक काटकी वाकवून बघा. लवली तर आशा आहे, कटकन मोडली तर ती गेली. मग साल खरवडत खोडाकडे या. कुठेही हिरवं सापडलं तर झाड आजच बाहेर न्या, काही दिवस उजळ सावलीत ठेवा, माती दमट राखा. सगळीकडे तपकिरीच निघालं तर मात्र निरोप घ्यायची वेळ झाली.

हे लिहिताना मला माझं पहिलं झाड आठवतं. तेही ज्युनिपरच. बावीस वर्षं झाली. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, घरात ठेवा, आठवड्यातून दोनदा पाणी शिंपडा. मी तसंच केलं. रंग जराही उतरला नाही, म्हणून मी निर्धास्त. एके दिवशी कुंडी पुसायला उचलली तर ती रिकाम्या डब्यासारखी हलकी लागली. झाड बाहेर काढलं, तर मुळांचा गोळा विटेसारखा सलग निघाला. मधोमध नुसती धूळ, आणि मुळं बोटांत पापडासारखी तुटत होती. मुळं मेल्यावरही ज्युनिपर कितीतरी आठवडे हिरवं दिसतं, हे तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं. ती कुंडी अजून माझ्याकडे आहे. आता तिच्यात फायकस आहे.

ज्युनिपर हे बाहेरचं झाड. त्याला थेट ऊन लागतं, मोकळा वारा लागतो, थंडीत विश्रांती लागते. टेबलावर यातलं काहीच मिळत नाही. घरातच ठेवायचं असेल तर पुढचं झाड फायकसचं घ्या, किंवा जाड पानांचं जेड. जेड पानांत पाणी साठवतं, एखादा दिवस विसरलात तरी सांभाळून घेतं. खिडकी मात्र दोघांनाही लागेल.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी वळण देण्यासाठी फांदीला तार गुंडाळली होती. आता ती सालीत रुतलीय. उलटी फिरवून काढू की कापू? सोबतच कुंडीही बदलू का?

कापा. उलटी फिरवताना साल सोलवटते, कोवळी फांदी मोडते. तारेच्या कात्रीच्या टोकानं एकेक वेढा वेगळा तोडा आणि तुकडे बाजूला उचला. एखादा तुकडा खोल गेला असेल तर ओढाताण करू नका. खुणा भरायला वर्षं लागतील, काही राहतीलही. वळण टिकलं नसेल तर नवी तार वेगळ्या वाटेनं गुंडाळा, जुन्या खुणेवर पुन्हा वेढा नको. नवशिक्याला ॲल्युमिनियमची तार बरी, ती मऊ असते. जाडी फांदीच्या साधारण एक तृतीयांश, तिरका वेढा ४५ अंशांचा. झाड वाढीत असेल तेव्हा दर आठवड्याला तारेखाली डोकवा, कारण फांदी जाड होताना आवाज करत नाही.

कुंडी आत्ता नको. एका वेळी झाडाला एकच जखम द्यावी. मुळं कुंडीच्या कडेनं गोल फिरू लागली, किंवा घातलेलं पाणी वरच तुंबायला लागलं, की कुंडी बदलायची वेळ आली असं समजा. तरुण झाडाला ती दर दोनेक वर्षांनी येते, जुन्याला उशिरा. तेव्हाही एक तृतीयांशापेक्षा जास्त मुळं छाटू नका. बागेची चिकण माती वापरू नका. उथळ कुंडीत ती घट्ट बसते. विटांचे चाळलेले बारीक तुकडे, जाडी वाळू आणि थोडं कुजलेलं खत यांचं मिश्रण चालतं. प्युमिस (ज्वालामुखीचा सच्छिद्र, हलका दगड) किंवा अकादामा (बोन्सायसाठीची दाणेदार जपानी माती) मिळालं तर आणखी छान.

प्रश्न : सासूबाई म्हणतात, बोन्साय म्हणजे झाडाला उपाशी ठेवून खुजं करणं. मला उत्तर देता येत नाही.

त्यांना झाडाविषयी कळवळा आहे, म्हणून त्या विचारतात. त्यांना सांगा, बोन्सायचं बी वेगळं नसतं. हेच रोप जमिनीत लावलं तर मोठा वृक्ष होतं. ते लहान राहतं ते छाटणीनं आणि मर्यादित कुंडीनं. खत आणि पाणी त्याला वेळच्या वेळी द्यावंच लागतं, कारण मुळांना दूर जाऊन अन्न शोधता येत नाही. उपाशी ठेवलं तर ते खुजं होत नाही, मरतं.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात एक पाइन आहे. १६२५ पासून ते बोन्साय म्हणून जोपासलं गेलं आहे. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा ते तिथल्या यामाकी कुटुंबाच्या अंगणात भिंतीआड होतं, आणि वाचलं. १९७६ मध्ये यामाकींनी ते अमेरिकेला भेट दिलं, त्याची ही कहाणी न सांगता. २००१ मध्ये यामाकींची नातवंडं झाड पाहायला गेली तेव्हा ती कहाणी तिथल्या लोकांना कळली. जवळजवळ चारशे वर्षं रोज कुणीतरी त्याची माती पाहिली आहे. सासूबाईंना हे सांगा, आणि तुमच्या झाडाला नवी पालवी फुटेल तेव्हा त्यांना जवळून दाखवा.

प्रश्न : आठ दिवस गावाला जायचंय. झाडाचं काय करू?

थेट उन्हातून काढून उजळ सावलीत ठेवा, माती हळूहळू सुकेल. निघायच्या आदल्या दिवशी खत किंवा छाटणी नको. शेजाऱ्यांवर सोपवणार असाल तर ‘रोज पाणी घाला’ असं सांगून जाऊ नका. दोन दिवस आधी त्यांना बोलवा, काडी त्यांच्याच हातानं मातीत खुपसू द्या आणि गालाला लावून बघू द्या.