वाचकांचे प्रश्न: ‘रूमर्स’ नेमका कुठला घ्यायचा?

प्रश्न: नमस्कार. फ्लीटवूड मॅक या रॉक बँडचे रिइश्यू, म्हणजे जुन्या अल्बमच्या नव्याने काढलेल्या आवृत्त्या, जमवायला लागलोय आणि त्यांच्या 1977 च्या ‘रूमर्स’ अल्बमपाशीच गाडी अडकलीय. 2004 ची डबल सीडी आहे, 2011 ची 45 आरपीएमवाली (मिनिटाला 45 फेरे) डबल एलपी आहे, 2013 चा जादा रेकॉर्डिंगवाला डिलक्स आहे आणि 1977 ची जुनी एलपी पण अधूनमधून दिसते. ज्याला विचारावं तो आपलीच बेस्ट म्हणतो. एकच घ्यायची तर कुठली?

उत्तर: आधी हे ठरवा की तुम्हाला ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ हे गाणं अल्बमच्या आत पाहिजे की बाहेर. अर्धा निर्णय तिथेच होतो.

बँडची गायिका स्टीव्ही निक्सचं हे गाणं ‘रूमर्स’साठीच रेकॉर्ड झालं होतं, पण गाणं लांब आणि संथ, आणि एलपीच्या एका बाजूला किती मिनिटं मावतात याला मर्यादा असते, जास्त कोंबलं की खाचा जवळजवळ आणि उथळ कापाव्या लागतात आणि आवाज दबतो. म्हणून ते काढलं आणि तिचंच ‘आय डोन्ट वाँट टू नो’ हे छोटं गाणं घेतलं. ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ गेलं ‘गो युअर ओन वे’च्या सिंगलच्या मागच्या बाजूला. स्टीव्हीला ते किती लागलं असेल बघा, की 1991 च्या तिच्या सोलो संकलनात तिला ते गाणं हवं होतं, बँडचा ड्रमर मिक फ्लीटवूडने दिलं नाही आणि ती बँड सोडून गेली! पुढे 1997 च्या ‘द डान्स’ या लाइव्ह अल्बममुळे ते गाणं सगळ्यांपर्यंत पोचलं.

आता रिइश्यूकडे या. 2004 च्या सीडीत हे गाणं ‘साँगबर्ड’ आणि ‘द चेन’च्या मध्ये बसवलंय, म्हणजे जिथे एलपी उलटायची तिथे. 2013 मध्ये मूळ अकरा गाणी जशीच्या तशी ठेवून ते शेवटी जोडलंय. मला दुसरी पद्धत पटते, कारण ‘साँगबर्ड’ संपल्यावर जी शांतता असते ती त्या अल्बमचा भाग आहे, तुम्ही उठता, तबकडी उलटता आणि मग ‘द चेन’चा तो ठोका पडतो, मध्ये दुसरं काही आलं की ते सगळं निसटतं.

एलपीच घ्यायची असेल तर 2011 ची 45 आरपीएमवाली घ्या, हे माझं स्पष्ट मत. तबकडी जोरात फिरते म्हणजे तेवढ्याच सेकंदासाठी सुईला जास्त लांब खाच मिळते, त्यामुळे झांजा, श्वास, गिटारच्या तारेवरचं बोट हे बारीक सगळं मोकळं ऐकू येतं आणि तबकडीच्या आतल्या भागात आवाज चिरकतो तो त्रास कमी होतो. फक्त दर तीन गाण्यांमागे उठायची तयारी ठेवा.

अजून एक, कारण ‘नवीन रिमास्टरमध्ये (म्हणजे मूळ टेपवरून आवाज पुन्हा तयार केलेल्या आवृत्तीत) ड्रम्स कसले स्वच्छ आलेत’ असं बरेच जण लिहितात. हा अल्बम 1976 मध्ये मुख्यतः कॅलिफोर्नियातल्या सॉसालिटोच्या रेकॉर्ड प्लँट स्टुडिओत रेकॉर्ड झाला आणि त्यावर पुढे महिनोन्‌महिने ओव्हरडब, म्हणजे आधीच्या रेकॉर्डिंगवर नवे आवाज चढवणं, चालले, टेप इतक्या वेळा मशीनवरून फिरली की तिच्यावरचे वरचे सूर झिजायला लागले. ते लक्षात आल्यावर आधी काढून ठेवलेल्या कॉपीवरचे ड्रम्स घेतले आणि बाकीचं जुन्या टेपवरून, आणि दोन्ही मशीन हाताने वेग कमीजास्त करत जुळवल्या, एका कानात एक टेप, दुसऱ्या कानात दुसरी. म्हणजे ड्रम्सच्या त्या स्वच्छपणाचं मोठं श्रेय त्या काळच्या माणसांना जातं. रिमास्टर करणारा ते जपतो किंवा बिघडवतो, एवढंच त्याच्या हातात असतं.

प्रश्न: माझ्याकडच्या ‘टस्क’च्या जुन्या सीडीत ‘सारा’ गाणं मध्येच कापल्यासारखं वाटतं. मित्राच्या एलपीवर ते बरंच लांब आहे. सीडी डुप्लिकेट आहे का?

उत्तर: अजिबात नाही, सीडी ओरिजिनलच असणार. ‘टस्क’ हा फ्लीटवूड मॅकचा 1979 चा, वीस गाण्यांचा डबल एलपी, सत्तर मिनिटांच्या वरचा. ऐंशीच्या दशकात तो सीडीवर आणताना एकाच सीडीत बसवायचा होता आणि तेव्हा सीडीत साधारण 74 मिनिटांच्या पुढे जाता येत नव्हतं, मग ‘सारा’चं सिंगलसाठी कापलेलं छोटं रूप घातलं. एलपीवर गाणं सहा मिनिटांच्या वर आहे, तुमच्या सीडीवर पाचच्याही आत संपतं. 2004 च्या रिइश्यूमध्ये पूर्ण ‘सारा’ परत आलं, ते घ्या.

गाण्याचं पोट कापलंय आणि कव्हरवर तसा ठळक उल्लेख नाही, हे मला आजही खटकतं. म्हणून कुठलाही रिइश्यू घेण्याआधी गाण्यांच्या वेळा मूळ एलपीच्या वेळांशी ताडून बघा. दोन-चार सेकंदांचा फरक सोडून द्या पण मिनिटभराचा असेल तर काहीतरी कापलंय किंवा मिक्सच, म्हणजे वाद्यं-आवाजांची जुळवणीच, वेगळं आहे असं समजा. 1975 च्या ‘फ्लीटवूड मॅक’ अल्बमचंच बघा, ‘ओव्हर माय हेड’, ‘रिॲनन’, ‘से यू लव्ह मी’ यांची सिंगलवरची रूपं अल्बमपेक्षा वेगळी आहेत, आणि ती 2004 च्या सीडीत बोनस म्हणून मिळतात. रेडिओवर ऐकलेलं ‘रिॲनन’ अल्बमवर का सापडत नाही असं कुणाला वाटत असेल तर त्याचं कारण हे.

प्रश्न: डिलक्स बॉक्स घ्यावेत का? घरचे म्हणतात एकच गाणं पाच वेळा कशाला.

उत्तर: एकच घ्यायचा तर 2015 चा ‘टस्क’चा घ्या. त्यात ‘टस्क’ची सगळी गाणी वेगळ्या टेकमध्ये (वेगळ्या वेळी केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये), मूळ क्रमानेच लावलेली एक अख्खी पर्यायी ‘टस्क’ आहे. बँडचा गिटारवादक-गायक लिंडसे बकिंगहॅम एकेका गाण्याशी किती झगडत होता ते तिथे कानाला कळतं, आणि घरच्यांना तेच ऐकवा. बाकीचे बॉक्स ज्याला त्या त्या अल्बमचा खरंच ध्यास आहे त्याच्यासाठी. फक्त एलपी हवी म्हणून बॉक्स घेऊ नका, ती बहुतेक वेळा सुटी मिळते.

प्रश्न: जुनी ‘रूमर्स’ बघायला मिळतेय, विकणारा ‘फर्स्ट प्रेस’, म्हणजे अगदी पहिल्या छपाईतली, म्हणतो. ओळखायचं कसं?

उत्तर: अमेरिकन असेल तर नंबर बीएसके 3010, आणि लेबलवर दोन्हीकडे ताडाची झाडं असलेला बरबँकचा रस्ता. वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीचं हे चित्राचं लेबल 1978 च्या सुमारास बंद होऊन साधं फिकट लेबल आलं, म्हणजे साधं असेल तर नंतरची. सुरुवातीच्या कव्हरवर हात फिरवला की कापडासारखा खरखरीतपणा लागतो, आत गाण्यांच्या शब्दांचा कागद असायला हवा.

पण खरी कुंडली लेबलच्या बाजूच्या कोऱ्या पट्ट्यात असते, डेड वॅक्समध्ये. तबकडी दिव्याखाली तिरकी धरा, हाताने कोरलेली अक्षरं-आकडे दिसतील, त्याचा फोटो मागा. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर पुढे जाऊ नका. आणि लेबल अस्सल पण तबकडी चरेच चरे असेल तर ती नुसती भिंतीवर लावायची, त्यापेक्षा चांगला रिइश्यू शंभर पटीने बरा.

प्रश्न: 1975 च्या आधीचं काही घ्यावं का?

उत्तर: घ्याच. गिटारवादक बॉब वेल्श बँडमध्ये होता त्या काळातले ‘बेअर ट्रीज’ आणि ‘मिस्टरी टू मी’ या अल्बमांकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात, पुढचा मऊ आवाज बँडची गायिका क्रिस्टीन मॅकव्हीच्या गाण्यांतून तिथेच घडत होता. 2020 मध्ये ‘1969 टू 1974’ नावाचा आठ सीडींचा बॉक्स आलाय, त्यात त्या वर्षांचे सातही स्टुडिओ अल्बम एकदम मिळतात.

आणि ‘बकिंगहॅम निक्स’ विसरू नका, लिंडसे आणि स्टीव्ही बँडमध्ये येण्याआधीचा दोघांचा 1973 चा अल्बम. तो कित्येक दशकं अधिकृतपणे सीडीवर आलाच नव्हता, लोक खरखरणाऱ्या जुन्या एलपीवर दिवस काढत होते. सप्टेंबर 2025 मध्ये तो मूळ ॲनालॉग टेपवरून रीमास्टर होऊन आला. त्यातलं ‘क्रिस्टल’ ऐका आणि लगेच 1975 च्या अल्बममधलं ‘क्रिस्टल’ लावा, तेच गाणं बँडने पुन्हा केलंय. मला पहिलं जास्त आवडतं.

प्रश्न: प्लास्टिकच्या पातळ कव्हरमध्ये ठेवलेल्या एलपीवर धुरकट थर आलाय, पुसून जात नाही. काय करू?

उत्तर: कव्हर पीव्हीसीचं असणार, ते वर्षानुवर्षं चिकटून राहिलं की तबकडीवर परिणाम होतो आणि तो डाग बऱ्याचदा कायमचा असतो. एकदा नीट धुऊन बघा, गेला तर गेला. बाकीच्या एलपी आजच त्यातून काढा आणि पॉलिथिनच्या इनर स्लीव्हमध्ये घाला, उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका.