पुढच्या चाकांसाठी एलएसडी: हेलिकल की प्लेटवाला?

प्रश्न: माझी टर्बो हॉट हॅच (जोरदार इंजिनाची छोटी गाडी) आहे, फ्रंट व्हील ड्राइव्ह. वळणातून बाहेर पडताना जरा ॲक्सिलरेटर दिला की आतलं चाक नुसतं जागच्या जागी फिरतं. रोज चालवतो, कधीमधी ट्रॅकवर नेतो. कुठला एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटताना एकच चाक नुसतं फिरू न देणारा भाग) घेऊ?

उत्तर: डोळे झाकून हेलिकल (तिरप्या दात्यांच्या गिअरचा) घ्या. त्यात फक्त गिअर असतात, क्लच प्लेट नाहीत, म्हणून आवाज नाही, झिजणं जवळपास नाही आणि तेलही नेहमीचंच चालतं, २००२ च्या फोर्ड फोकस आरएसमध्ये कंपनीनेच क्वाइफ या कंपनीचा हेलिकल दिला होता. एक उणीव आहे, आतलं चाक हवेत उचललं गेलं की हा जवळजवळ साध्या डिफरेन्शियलसारखा वागतो, कारण पकड असलेल्या चाकाला तो दुसऱ्याच्या काही पटच टॉर्क (फिरवण्याचा जोर) देऊ शकतो, आणि शून्याची पट शून्यच ना. प्लेटवाला, म्हणजे क्लच प्लेटचा एलएसडी, तिथेही धरतो, पण पार्किंगमध्ये कटकट वाजतो, स्टिअरिंग खेचतो, तेल लवकर बदलावं लागतं, प्लेट झिजल्या की परत खोला. तो नुसत्या ट्रॅकच्या गाडीला ठीक.

आणि हो, एलएसडी बसवायला गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर डिफरेन्शियलच्या बेअरिंग आणि ऑइल सील नवीनच टाका, तिथे पैसे वाचवू नका. पुढचे टायर गुळगुळीत झाले असतील तर मात्र आधी ते बदला.