धक्क्यावर आधी छप्पर

प्रश्न : गेल्या डिसेंबरात आईला घेऊन गोव्यात आलो होतो. दिवाडी बेटावर जायला मांडवीवरच्या एका फेरीधक्क्यावर पाऊण तास उन्हात उभे होतो. बसायला बाक नाही, बोटीची वेळ कुठे लिहिलेली नाही. ओल्या उतारावर आई घसरता घसरता वाचली. पायी माणसाला तिकीट नाही, याचं मात्र नवल वाटलं. थोडे पैसे घेऊन बोटीवर गच्ची, संगीत, चहा-नाश्ता असं काही केलं तर पर्यटक वाढणार नाहीत का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : संगीताचं राहू द्या. पणजीहून संध्याकाळी सुटणाऱ्या क्रूझवर ते कान भरून मिळतं. चहाही धक्क्याजवळच्या टपरीतच बरा. बोट पाच-दहा मिनिटांत पलीकडे लागते, कप अर्धा व्हायच्या आत उतरायची वेळ येते.

5 जुलै 1986 ला पणजीचा मांडवी पूल कोसळला, तेव्हा मी कॉलेजात होतो, पलीकडून यायचो. त्या पावसाळ्यात फेरीच्या रांगेत दप्तर डोक्यावर धरून किती वेळा भिजलो, मोजलं नाही. तेव्हापासून माझं मत ठाम आहे. आधी धक्क्यावर छप्पर, बाक आणि स्वच्छ संडास. गच्चीबिच्ची मागाहून.

आईंच्या घसरण्याचं कारण भरती-ओहोटीत आहे. ओहोटीला उताराचा खालचा भाग उघडा पडतो, त्यावर गाळ आणि शेवाळ. मोटारीच्या चाकाला तो चालतो, चपलेला नाही. काँक्रीटला आडव्या खाचा आणि एका कडेला धरायला कठडा, एवढ्यानं बरंच काम भागेल. बोटीचा रॅम्प खाली आला की आधी माणसं, मग दुचाक्या, मग मोटारी. याला तर खलाशाची एक शिट्टी पुरते.

तिकिटाचं म्हणाल तर मला पटत नाही. पाटी डोक्यावर घेऊन रोज नदी ओलांडणाऱ्या बाईकडून पैसे घ्यायचे आणि पाहुण्यांना गच्ची बांधायची?

पर्यटकाला खरं हवं ते पलीकडे काय आहे हे सांगणारा फलक. रायबंदरहून चोडण बेटावर गेलात की खारफुटीतलं सलीम अली पक्षी अभयारण्य. जुन्या गोव्याहून दिवाडीला गेलात तर ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेराम उत्सवाचे झेंडे. आणि तुम्ही कोल्हापूरकर, म्हणून मुद्दाम सांगतो. दिवाडीवरून दुसरी फेरी नार्व्याला जाते. गोव्याच्या कदंब राजांच्या सप्तकोटेश्वराचं देऊळ मूळ दिवाडीवर होतं. पोर्तुगीजांनी ते पाडलं, देव नदीपलीकडे नार्व्याला गेला आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी करवला. देव ज्या पाण्यावरून गेला, त्याच पाण्यावरून आपणही जातो. धक्क्यावर दोन ओळींत एवढं लिहिलं असतं, तर तुम्ही दिवाडीवरून परत फिरला नसता, असं मला वाटतं.

आईंना पुन्हा आणाल तेव्हा भरतीची वेळ बघून या. पाणी वर असलं की उताराचा निसरडा भाग झाकलेला असतो, चालावंही थोडंच लागतं. आणि त्यांच्या पायात चप्पल नको, मागे पट्टा असलेले सँडल घाला.