सेक्टर १५, पण कुठला?

कोपरखैरण्याच्या एका वाचकांचं पत्र आहे. नवी मुंबईतले प्लंबर, इलेक्ट्रिशियन, घरगुती डबे देणाऱ्या ताई यांची डिरेक्टरी वेबसाइट काढायची आहे. परदेशी कंपनीचं तयार सॉफ्टवेअर पसंत पडलंय, लायसन्स ६५ हजार. त्यासाठी ३ लाखांची एफडी मोडू का, असं ते विचारतात. तीन वर्षांची एफडी, सात महिने उरलेत.

एफडी मोडू नका. दंड १ टक्का धरला तरी झालेल्या २९ महिन्यांचे सव्वासात हजारांच्या आसपास जातील. लागलेच पैसे, तर ठेवीवर ओव्हरड्राफ्ट घ्या. वापराल तेवढ्याच रकमेवर व्याज, तेही ठेवीच्या दराहून साधारण एक-दोन टक्के जास्त.

आता लायसन्स. ‘त्यात सगळे फीचर्स आहेत’ हे तुम्ही तीनदा लिहिलंय. अडतं ते यादीत नसलेल्या गोष्टींपाशी. अशी सॉफ्टवेअरं बहुधा देश, राज्य, शहर या क्रमाने पत्ता घेतात. आपल्याकडे सेक्टर १५ वाशीत आहे आणि बेलापुरातही. बेलापूरचा प्लंबर वाशीच्या गिऱ्हाइकाला दाखवलात, तर ते पुन्हा तुमच्या साइटवर फिरकणार नाही. म्हणजे नोड (वाशी, बेलापूर असे नवी मुंबईचे विभाग) आणि सेक्टर हे दोन थर स्वतः घालावे लागणार, आणि शोधतानाही ते चालले पाहिजेत.

ते घालायचे कुठे? कंपनीने हुक किंवा प्लगइनची, म्हणजे मूळ कोडला हात न लावता बाहेरून भर घालायची, सोय दिली असेल, तर तुमचा कोड वेगळा राहतो. मूळ फाइलींतच हात घालावा लागला, तर पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जातं. काही कंपन्या कोड आयनक्यूब नावाच्या साधनाने कुलूपबंद करून देतात. मग तुमचा डेव्हलपर तो वाचूही शकत नाही, आणि प्रत्येक बारीक बदलाला कंपनीचं डॉलरमधलं बिल. अपडेट टाळून भागत नाही. अशी सॉफ्टवेअरं बहुधा पीएचपी या भाषेत लिहिलेली असतात, आणि तिच्याही जुन्या आवृत्त्या मागे पडतात: पीएचपी ७.४ च्या सुरक्षा दुरुस्त्या नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबल्या. फुकट अपडेट किती वर्षं, नंतर दर काय, हे लेखी घ्या.

मी स्वतः पोळलोय. ऑफिससाठी क्लायंटच्या नोंदींचं सॉफ्टवेअर घेतलं, पैसे मोजून नॉमिनीचा रकाना घालून घेतला. अपडेट आलं आणि रकाना गेला. दोनशे नोंदी पुन्हा हाताने.

तुमचा हिशोब १,५०० रुपये वार्षिक नोंदणीचा आहे. ६५ हजार सुटायला ४४ जण पुरतात, बरोबर. पण १८ टक्के जीएसटी धरला की आकडा ७६,७०० होतो, वर कार्डाचं परकी चलनाचं शुल्क. सेक्टर आणि यूपीआय जोडायला डेव्हलपरने ४० हजार मागितले, तर ते शुल्क सोडूनही ७८ जण लागतील. पहिल्या वर्षी हे जड आहे.

म्हणून आधी चाचणीची प्रत आणि डेव्हलपरसाठीची माहितीपुस्तिका मागा. ओळखीच्या डेव्हलपरला दोन दिवसांचे पैसे देऊन नोड-सेक्टर घालून घ्या, मग अपडेट चालवून रकाने टिकतात का बघा. ‘गॅस शेगडी दुरुस्ती’ देवनागरीत शोधा. सगळ्या नोंदी सीएसव्हीत (तक्त्याच्या साध्या मजकूर-फाइलीत) बाहेर काढून एक्सेलमध्ये उघडा. कंपनी चाचणीच देत नसेल, तर वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या फुकट सॉफ्टवेअरवर डिरेक्टरीचं प्लगइन घेऊन सुरुवात करा. तिथला कोड तुमच्या डेव्हलपरला उघडता तरी येईल.