नामिबियाच्या वाळवंटी किनाऱ्यावर स्वतः गाडी चालवत गळाने मासेमारी करता येईल का?

आपण कराडचे तिघे मित्र डिसेंबरमध्ये नामिबियाला जाऊन, भाड्याच्या फोर बाय फोर गाडीने स्वाकोपमुंडच्या उत्तरेकडील किनाऱ्यावर मासे धरू इच्छिता. कृष्णा-कोयनेच्या काठी गळ टाकण्याचा सराव तिघांनाही आहे, परंतु वाळूत गाडी कोणीच चालवलेली नाही, म्हणून हा बेत योग्य आहे का असे आपण विचारले आहे. मी सांगलीचा असून नोकरीनिमित्त काही वर्षे वॉल्विस बे येथे राहिलो आणि सुट्टीचे बहुतेक दिवस याच किनाऱ्यावर काढले. माझ्या मते आपण अवश्य जावे. मात्र तयारीचा वेळ गळ आणि आमिषापेक्षा चाकांतील हवा आणि भरती-ओहोटी समजून घेण्यात अधिक घालवावा.

मासे तेथे विपुल आहेत. बेंग्वेला हा थंड प्रवाह या किनाऱ्याला लागून उत्तरेकडे वाहतो. दक्षिणेकडून येणारे वारे पृष्ठभागावरील पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात आणि त्याच्या जागी खोलवरचे थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. त्यावर मासे पोसले जातात आणि त्याच थंडाव्यामुळे समुद्रावरील हवेतून पावसाऐवजी धुके तयार होते, म्हणून पाण्याला लागूनच वाळवंट आहे.

हेंटीज बे या मासेमारांच्या गावाहून उत्तरेला केप क्रॉसकडे जाणारा सी-३४ हा रस्ता डांबराचा नसून जिप्समयुक्त मातीवर खारे पाणी मुरवून घट्ट केलेला आहे. कोरडा असताना तो डांबरासारखा चालतो, पण सकाळच्या धुक्याने ओला झाला की अतिशय निसरडा होतो. त्यामुळे पहाटेच वेगाने निघण्याचा मोह टाळावा.

खरी परीक्षा रस्ता सोडून पाण्याकडे जाणाऱ्या वाळूच्या वाटेवर होते. आपल्याकडे पंपावर ३२ किंवा ३५ हवा भरतो, ती तेथे १५ ते १८ पर्यंत उतरवावी लागते. हवा कमी झाली की टायर पसरतो, जमिनीवरील त्याचा ठसा लांबतो आणि गाडीचे वजन अधिक जागेवर विभागले जाऊन चाक रुतत नाही. अशा टायरवर वेगाने वळण घेतल्यास तो रिममधून निसटू शकतो, म्हणून चाल संथ आणि सलग ठेवावी, जोरात ब्रेक लावू नये आणि थांबायचे असल्यास उतारावर थांबावे. चाक रुतलेच तर ॲक्सिलरेटर दाबत राहू नये. फावड्याने चाकांपुढची व मागची वाळू काढावी, हवा आणखी थोडी उतरवावी आणि आलेल्या चाकोरीतूनच मागे यावे. रस्त्यावर परतताना पुन्हा हवा भरावी लागते, म्हणून चांगला कॉम्प्रेसर आणि प्रेशर गेज असल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये. भाड्याच्या गाडीच्या विम्यातून वाळूत किंवा समुद्राच्या पाण्यात झालेले नुकसान बहुधा वगळलेले असते, तो भाग सही करण्यापूर्वी वाचावा.

भरती दिवसातून दोनदा येते आणि तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सर्वाधिक चढते, त्यामुळे पंचांग तेथेही उपयोगी पडते; परंतु तिथीची पाऊणपट करून वेळ काढण्याचा कोकणातील हिशेब तेथे न लावता स्थानिक तक्ता घ्यावा. वॉल्विस बेच्या दक्षिणेला सँडविच हार्बरजवळ वाळूच्या टेकड्या थेट समुद्राला भिडतात आणि भरतीत मधली वाट नाहीशी होते. तेथे आपण स्वतः गाडी नेऊ नये, स्थानिक चालकाबरोबरच जावे.

एक विनंती मी फार मनापासून करतो. रस्त्याच्या कडेची खडकाळ, ओसाड वाटणारी सपाटी मोकळी जागा समजून तिच्यावर गाडी घालू नका. आपल्या कांदा-लसूण मसाल्यात जे दगडफूल पडते, त्याच वर्गातील वनस्पतीसदृश सजीव तेथे केवळ धुक्याच्या ओलाव्यावर जगतात, आणि एकदा उमटलेली चाकोरी अनेक दशके मिटत नाही. त्याच उघड्या खडीवर तेथील उन्हाळ्यात, म्हणजे नेमके आपण जाल तेव्हा, डमारा टर्न हा लहानसा पक्षी बहुधा एकच अंडे घालतो. हा भाग डोरोब राष्ट्रीय उद्यानात असून आखलेल्या वाटा सोडण्यास मनाई आहे. सरावासाठी कोकणातील पुळणीवरही गाडी नेऊ नका. तेथे कासवे अंडी घालतात. हवा उतरवणे, भरणे आणि जॅक लावणे घराच्या अंगणातही शिकता येते.

मासेमारीत एक फरक लक्षात ठेवावा. कृष्णेतला डोह वर्षानुवर्षे जागचा हलत नाही, तेथे मात्र वाळूचा बांध आणि किनारा यांमधील खोल चर प्रत्येक उधाणानंतर सरकतो. म्हणून ओहोटीला उंचावरून पाणी पाहावे. फेसाळ लाटांमधला गडद, शांत पट्टा म्हणजे तो चर, आणि आमिष तेथे पडले पाहिजे. आपल्या घोळ माशाच्याच कुळातील कॉब तेथे फिरतो. सार्डिनचे तुकडे किंवा वाळूत सापडणारे पांढरे शिंपले हे आमिष चालते, आणि ओढीत टिकण्यासाठी तारेचे पाय असलेले शिसे लागते. ब्राँझ व्हेलर शार्क लागल्यास तो पाण्यातच सोडवून द्यावा.

मासेमारीचा परवाना आधी काढावा. माशांची संख्या आणि किमान लांबी यांवर मर्यादा असल्याने मोजपट्टी जवळ ठेवावी. धरलेला मासा विकता येत नाही. उगाब नदीपलीकडे स्केलेटन कोस्ट उद्यान सुरू होते. तेथील टोरा बेचा तंबूंचा तळ फक्त डिसेंबर आणि जानेवारीत उघडतो, पण पहिल्या खेपेला हेंटीज बे येथेच मुक्काम करावा, कारण पेट्रोल, आमिष आणि मदत तिन्ही तेथे मिळतात. १३-१४ फुटी काठ्या विमानातून नेण्याचा खटाटोप करू नका, त्या तेथेच भाड्याने घ्या.